धवलारणीचा अंगठा

पुस्तकावर बंदी घालणं त्या मानानं सोपं. पुस्तकाला कर्ता असतो, छापखाना असतो आणि जप्त करायला प्रती असतात. उंबरखोपच्या जयवंताबाईवर बंदी घालायची वेळ आली तेव्हा सरकारची पंचाईत झाली ती इथेच. तिच्याजवळ यांतलं काही नव्हतं. जे होतं ते तोंडात होतं, आणि तेही कुणाचं लग्न असल्याशिवाय बाहेर पडत नसे.

उंबरखोप हे खालापूरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं आगऱ्यांचं गाव. खोपोलीच्या वीजघरातून मुंबईला जाणाऱ्या तारा गावच्या भातखाचरांवरून जात. गावात दिवा घासलेटचा, आणि लढाईमुळे घासलेट रेशनवर. लोक दिवा लवकर मालवत आणि अंगणात बसून त्या तारांकडे बघत. मी तिथे शाळामास्तर होतो. मीही बघत असे.

जयवंताबाई गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात मुहूर्त भटजीचा, पण लग्न लावते ती धवलारीण. हळदीच्या दिवशी ती मांडवात पाटावर बसते आणि धवले म्हणते. आधी देवांना बोलावते, मग त्या घरातल्या मेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. प्रत्येक नावासरशी सुपात चिमूटभर तांदूळ टाकायचे आणि बाकीच्या बायकांनी 'आलं गं, आलं' म्हणायचं. एखादं नाव राहिलं तर तो पितर वेशीबाहेर ताटकळतो. न बोलावलेला नातेवाईक पुढे काय करतो, हे जिवंतांवरूनही सांगता येईल.

या कामाचे नियम दोन. हळद भिजल्याशिवाय धवला तोंडाबाहेर काढायचा नाही. मांडव नसताना म्हटलेला धवला कुणाचं तरी लग्न लावून जातो, आणि ते कुणाचं ते कुणालाच माहीत नसतं. दुसरा नियम असा, की धवलारणीचं तोंड खरं असलं पाहिजे. खोट्या तोंडाचं बोलावणं पितरांपर्यंत पोहोचत नाही. जयवंताबाई हा दुसरा नियम लग्नाबाहेरही पाळायची. खालापूरच्या बाजारात वालाच्या शेंगा घेऊन बसली, की आदल्या दिवशीच्या शेंगा आदल्या दिवशीच्या म्हणून सांगायची. त्यामुळे त्या बहुधा परत यायच्या, आणि ती स्वतःच खायची. नवरा तरुणपणीच गेलेला, मूल नाही. तोंड खरं ठेवायला तिला घरातून अडचण अशी नव्हती.

बेचाळीसच्या दिवाळीनंतर गावचा एक मुलगा घर सोडून गेला. पदू त्याचं नाव, भिवाजी आणि विमलबाईचा थोरला. पुढे थोड्याच दिवसांत तारांचा एक मनोरा आडवा झाला आणि मुंबईच्या काही गिरण्या काही तास थांबल्या. मग गावच्या चावडीच्या भिंतीवर एक छापील कागद लागला. वर मोठ्या अक्षरांत 'फरारी', खाली पदूचं नाव, उंची, डाव्या भुवईवरचा वण, आणि पकडून देणाऱ्यास बक्षीस. उंबरखोपच्या माणसाचं नाव छापून आलेलं ते पहिलंच. शाळेतली पोरं तो कागद वाचून अक्षरओळख पक्की करीत.

शिमग्याच्या आधी वरच्या वाडीचा जैतू ठाकर मध विकायला म्हणून खाली आला. तो नेमका भिवाजीच्या दारात थांबला आणि मधाच्या भांड्याखालून त्यानं एक करगोटा काढून विमलबाईच्या हातात ठेवला. पदू रानात तापानं गेला होता. ठाकरांनी त्याला वरच जाळलं होतं. एवढं सांगून जैतू पुढच्या दारी मध विकायला गेला, कारण एकाच दारी थांबून परतला असता तर ते कुणाच्या तरी नजरेत आलं असतं.

विमलबाईला रडता आलं नाही. रडणं हा पुरावा झाला असता. पोरगा मेला हे तुला कुणी सांगितलं, त्याला कुणी जाळलं, त्याला भाकरी कोण देत होतं, अशी ती माळ थेट ठाकरवाडीपर्यंत गेली असती. तेव्हा पदू सरकारदप्तरी जिवंत राहिला आणि गावात मेला. अशी दोन मतं पुष्कळ बाबतींत असतात. माणूस जिवंत आहे की नाही याबद्दल सहसा नसतात.

त्या वैशाखात भिवाजीच्या भाऊकीत येसाजीच्या मुलाचं लग्न निघालं. भाऊकीतले मेलेले सगळे बोलवायचे, तर पदू कसा वगळायचा? जयवंताबाईनं कुणाला विचारलं नाही. आजे, पणजे, देवीत गेलेली पोरं अशी नावं घेत घेत ती शेवटी आली आणि म्हणाली, ''ये रं पदू, ये मांडवा.''

बायकांचं 'आलं गं, आलं' त्या खेपेला नेहमीसारखं निघालं नाही. विमलबाई मांडवाच्या मेढीला धरून उभी होती. तिला रडायला एक जागा मिळाली. हळदीच्या मांडवात बाई रडली तर कुणी कारण विचारत नाही.

गावचे पोलीसपाटील आबाजी हे पदूचे सख्खे चुलते. वाईट माणूस नव्हे, नेमणुकीचा माणूस. फरारी इसमाचा कुठेही उल्लेख झाला तर कळवावं, असा त्यांना हुकूम होता. उल्लेख झाला होता. त्यांनी कळवलं: 'सदर पदू यास धवलारीण जयवंता हिने मांडवात बोलावले. सोबत आणखी अकरा इसमांस बोलावले.'

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदारांनी येसाजीच्या घराला वेढा दिला. पदू तर हवाच होता, पण या बाकीच्या अकरा जणांची नावंसुद्धा त्यांच्या दप्तरात नव्हती. म्हणजे टोळी नवी होती.

''राघो म्हणतात तो कुठाय?'' फौजदारांनी दरडावलं.

''माजा आजा तो, सायब,'' येसाजी म्हणाला. ''पलेगात गेला.''

''कुठल्या गावात गेला?''

''पलेगात, सायब. मेला.''

''आणि धाऊ?''

''धाऊ त्येचा बाप.''

अकराच्या अकरा इसम मयत आहेत हे ठरायला दुपार झाली. तोवर शिपायांनी लग्नाचं जेवण जेवून घेतलं होतं. आता फौजदारांपुढे दोन शक्यता उरल्या. एकतर पदू मेला आहे, किंवा तो मेला असं सरकारला वाटावं म्हणून गावानं ही युक्ती काढली आहे. पहिलीत बढती नव्हती. त्यांनी दुसरी धरली आणि जयवंताबाईला तालुक्याच्या कचेरीत हजर केलं.

मला दुभाष्या म्हणून नेलं होतं. मॅजिस्ट्रेटसाहेब घाटावरचे होते. आगऱ्यांची मराठी त्यांना कळत नसे आणि त्यांची मराठी जयवंताबाईला. मी मराठीतून मराठीत दुभाष्याचं काम केलं. माणूस सभ्य. टेबलावर टाचण्यांसाठी घोटीव दगडाची वाटी, शेजारी कायद्याची पुस्तकं. ती त्यांनी वाचलेली होती, हे त्यांच्या चेहऱ्यावरच्या थकव्यावरून कळत होतं.

''बाई, हा मनुष्य मेला आहे हे तुम्हांला कुणी सांगितलं?'' त्यांनी विचारलं.

''मी कुटं बोलले मेला म्हून? मी बोलले, ये.''

''म्हणजे तो जिवंत आहे?''

''जित्याला कोण बोलवतंय, सायब? जिता जेवणाच्या वासानं येतो.''

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. मग त्यांनी कायद्यातली खरी अडचण मांडली. या गाण्यानं लोकांत अफवा पसरते, असं फौजदारांचं म्हणणं होतं. गाण्यावर बंदी घालायची, तर गाण्याची प्रत खटल्याच्या मिसलीला जोडायला हवी. आणि प्रत नव्हती.

''तुम्ही ते गाणं इथे म्हणून दाखवा. मास्तर लिहून घेतील.''

जयवंताबाईनं एकवार कचेरीभर नजर फिरवली. साहेब, कारकून, दाराशी पट्टेवाला, मी.

''लगीन कोणाचं हाय?'' तिनं विचारलं.

मी ते भाषांतरित केलं नाही. साहेबांना कळलं होतं. पट्टेवाला विधुर होता. तो पटकन दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

धवला त्या दिवशी लिहिला गेला नाही. संध्याकाळी हुकूम निघाला तो गाण्याचा मजकूर न जोडताच. त्यात म्हटलं होतं की सदर फरारी इसमाचं नाव कोणत्याही गाण्यात, समारंभात किंवा जमावात उच्चारू नये, आणि अशा गाण्याच्या सर्व प्रती सरकारजमा कराव्यात. प्रत एकच होती. तिचं वय पंचावन्नच्या आसपास असावं आणि ती परतीच्या वाटेनं अनवाणी चालत होती.

कचेरीतून निघायच्या आधी मात्र तिच्याकडून एक मुचलका घेतला होता. वर्षभर ते नाव घेणार नाही असं कबूल, खाली अंगठा. मी तिला मजकूर वाचून दाखवला. तिनं तो दोनदा वाचायला लावला आणि मग शाईचा अंगठा उठवला. अशा मुचलक्यांना त्या वर्षी काही किंमत नव्हती. लोक सकाळी अंगठा देत आणि दुपारी घोषणा. सरकारलाही ते ठाऊक होतं. ते कागद पावसाळ्यातल्या घोंगडीसारखे असत. सगळ्यांच्या अंगावर, आणि भिजायचं तेवढं सगळेच भिजत. जयवंताबाईला तेवढं माहीत नव्हतं. तिनं अंगठ्याबरोबर तोंडचा शब्दही दिला होता.

पुढल्या वैशाखात पदूच्या बहिणीचं लग्न ठरलं.

मैना तिचं नाव. मुलगा कर्जतच्या बाजूचा, खोपोलीच्या वीजघरात कामाला. ज्या वीजघराच्या मनोऱ्यापायी मेहुणा गेला, तिथूनच जावयाचा पगार यायचा.  पगार तो पगार. लग्न एकदा लांबलं होतंच. मुचलक्याची मुदत ज्येष्ठात संपत होती, पण ज्येष्ठात पेरण्या, नंतर चातुर्मास. मुलाकडचे आणखी थांबायला तयार नव्हते, आणि त्यांना थांबायचं खरं कारण सांगता येत नव्हतं.

विमलबाई जयवंताबाईच्या ओट्यावर येऊन बसली. मी तेव्हा शाळेच्या पडवीत होतो. मधे एक कुडाची भिंत.

''जयवंते, माजा पोरगा बयनीच्या लग्नाला वेशीवर उबा ऱ्हाईल गं.''

''मला म्हाईत हाय.''

''कसं करायचं मंग?''

''आंगठा दिलाय गं मी.''

''आंगठ्याला काय चाटायचंय? त्येंनी माजा पोरगा घेतला, तू त्येंना आंगठा संबाळून ठेवतेस!''

''त्येंच्यासाटी नाय गं बाय,'' जयवंताबाई म्हणाली. ''तोंड माजं हाय. आंगठा मोडला तर तोंड खोटं. खोट्या तोंडानं बोलवला तर पदू यायचा नाय. आनि नाय बोलवला तरी यायचा नाय. तूच सांग.''

विमलबाई ओट्यावरून उठून घरी गेली. 

तोडगा आबाजी पाटलांनी काढला. पोलीसपाटील झाले तरी मैनेचे ते काका होते, आणि लग्नात वडीलधारे म्हणून त्यांनाच उभं राहायचं होतं. ते म्हणाले, ''येवडी काय अडचन हाय? बायका जलमभर नवऱ्याचं नाव घेत नाय, पन कोणाला बोलवतात ते अख्ख्या गावाला कळतं. तसंच करायचं. तितं गप ऱ्हायचं, तांदूळ टाकायचे. हवालदार आला तरी काय लिवनार?''

बायका हसल्या. तोडगा खरोखर चांगला होता. असं वाटलं की सुटलं. जयवंताबाई तेवढी हसली नाही.

''दादा, ती खूण जित्यांसाटी,'' ती म्हणाली. ''हवालदाराला पन कळंल, तुमाला पन कळंल. मेल्याला खुना कळत नाय. त्येला नाव लागतं.''

''मंग तू काय करतेस?''

''आंगठा परत मागते.''

दुसऱ्या दिवशी ती खरोखरच कचेरीत गेली. मला सोबत घेतलं, कारण साहेबांची मराठी. साहेब तेच होते. थोडे अधिक थकलेले. तिनं पदराच्या गाठीतून चिंधी काढून अंगठा पुसला आणि टेबलावर ठेवला.

''सायब, माजा आंगठा परत द्या.''

मी समजावून सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. मुदत संपण्याआधी मुचलका परत करण्याची तरतूद नाही, असं ते म्हणाले.

''बरं. मंग मला नाव घेनं हाय. कायदा मोडला तर तुमी किती दिस ठेवता?''

''ते गुन्ह्यावर अवलंबून आहे.''

''लगीन वैशाखात हाय. अजून पुष्कळ दिस हायत. मला आत्ता ठेवा. भोगून घेते, मंग जाऊन नाव घेते. कोणाचं कोणाला देनं ऱ्हायलं नाय.''

 साहेबांनी एक जाड पुस्तक ओढलं, चाळलं, आणि पुन्हा जागेवर ठेवलं. मला वाटतं ते खरोखर शोधत होते. आधी गुन्हा आणि मग शिक्षा, यापलीकडे कायद्याला दुसरा क्रम सुचलेला नाही. जयवंताबाईचा क्रम बाजारातला होता: आधी मोल, मग माल. त्यात तोंड खरं राहत होतं.

''असं करता येत नाही, बाई,'' साहेब म्हणाले. ''तुम्ही ते नाव घेऊ नका. एवढं एकच.''

''येवडं येकच हाय, सायब,'' ती म्हणाली आणि उठली.

वाटेत ती थांबली. पाताळगंगेच्या पाण्यात उतरली, वाळूनं अंगठा घासला, घासतच राहिली. शाई वर्षापूर्वीच गेली होती.

हळदीला हवालदार आला. कागद-पेन्सिल घेऊन मांडवाच्या कडेला बसला. यजमानांनी त्याला पाट दिला आणि पानसुपारी दिली, कारण तो आलेला पाहुणा होता. आबाजी पाटील अंगणात पाहुण्यांची उठबस करीत होते. ते आत येत नव्हते आणि लांबही जात नव्हते.

जयवंताबाई पाटावर बसली. मैनेच्या अंगाला हळद लागत होती. देव झाले. मग पितर सुरू झाले. एकेक नाव, चिमूटभर तांदूळ, 'आलं गं, आलं'. हवालदार प्रत्येक नाव लिहून घेत होता. गेल्या खेपेच्या अनुभवानं शेजारी 'मयत' असंही लिहीत होता. भिवाजीचा बाप झाला, आई झाली, लहानपणी गेलेली एक मुलगी झाली. नावं संपत आली तशा बायकांच्या माना खाली गेल्या. अजूनही पुष्कळांना वाटत होतं की ती आबाजीचा तोडगा करील.

ती थांबली. तांदळाची चिमूट हातात होती. तिनं डाव्या हाताचा अंगठा पदरानं झाकला, जसं बाई थोरल्या दिराला बघून डोकं झाकते तसं, आणि म्हणाली,

''ये रं पदू, ये मांडवा. बयनीला हळद लागली.''

मांडवात आवाजच उठला नाही. बायका घाबरल्या होत्या. मग विमलबाई एकटी म्हणाली, ''आलं गं, आलं.'' मागून सगळ्या म्हणाल्या.

हवालदारानं ते नाव लिहिलं. शेजारी 'मयत' लिहायला त्यानं पेन्सिल टेकवली, आणि मग तो थबकला. ते लिहायचा त्याला अधिकार नव्हता.

जयवंताबाईनं धवला पुरा केला, एक ओळ गाळली नाही. सूप विमलबाईच्या हाती दिलं, हात धुतले आणि हवालदारासमोर जाऊन उभी राहिली.

''चला.''

''अगं बाय, जेवन तरी होऊ दे,'' हवालदार म्हणाला. तो माणूस खालापूरचाच होता.

''तुमी जेवा. मी थांबते. मला पंगत नको.''

तो जेवला. ती मांडवाबाहेर, उंबराखाली बसून राहिली. विमलबाईनं पान आणलं, तेही तिनं परत केलं.

खटल्यात आबाजी पाटलांची साक्ष निघाली. सरकारी वकिलांनी विचारलं, ''आरोपीनं मांडवात कोणतं नाव उच्चारलं ते सांगा.''

आबाजी उभे होते. डोक्याला पागोटं, हातात नेमणुकीची काठी. त्यांनी साहेबांकडे पाहिलं.

''घेऊ का, सायब? बंदी हाय.''

''कुठं बंदी आहे?''

''जमावात घेऊ नये असा हुकूम हाय. हितं जमाव हाय.''

हा टोमणा होता असं नंतर काहींनी सांगितलं. मी आबाजींना ओळखत होतो. ते हुकूम पाळत होते. साहेबांनी थोडा विचार केला आणि न्यायालय म्हणजे जमाव नव्हे असा निर्णय दिला. साक्षीदारानं नाव उच्चारावं.

आबाजींनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. वकिलांनी पुन्हा विचारलं. जैतू मध विकायला आला त्या दिवसापासून, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्याच्याही आधी भिंतीला कागद लागला तेव्हापासून, त्यांनी ते नाव तोंडानं घेतलं नव्हतं. लिहिलं होतं, कळवलं होतं. ''पदू,'' ते म्हणाले. मग, कुणी विचारलं नसताना, ''पदू माजा.''  पट्टेवाल्यानं त्यांना बाकावर बसवलं. कारकुनानं साहेबांकडे पाहिलं. दुसरा शब्द लिहायचा का? साहेबांनी नको म्हणून मान हलवली.

शिक्षा झाली ती पावसाळाभराची. निकाल ऐकून जयवंताबाईनं एकच विचारलं, की हे भोगल्यावर अंगठा तिचा तिला परत होईल का. साहेब म्हणाले, मुचलका मोडला तो मोडला, शिक्षा भोगल्यानं तो पुन्हा सांधत नाही. कायद्याच्या दृष्टीनं हे उत्तर बरोबर असावं. तेवढ्यावर तिचं पुढचं सगळं आयुष्य ठरलं, हे त्यांना कळलं नाही. मला कळलं असतं तर मी भाषांतर करताना चुकलो असतो. पण मी चांगला दुभाष्या होतो.

दसऱ्याला ती सुटून आली. तिचं खाचर बायकांनी लावलं होतं, भात पिकत आलं होतं. कार्तिकात तुळशीचं लग्न झालं आणि पुढे माणसांची लग्नं सुरू झाली. पहिलं बोलावणं आलं तेव्हा ती नाही म्हणाली. दुसरं आलं तेव्हाही.

''माजं तोंड खोटं झालं,'' ती सांगायची. ''आता माज्या बोलवन्यानं कोन येनार नाय.''

''मैनाच्या लग्नाला पदू आला का नाय मंग?'' विमलबाईनं एकदा विचारलं.

''आला. तवा तोंड खरं हुतं. नाव तोंडातून भायेर पडलं, तवा खोटं झालं. तो शेवटचा आला.''

हे तिनं इतकं साधं सांगितलं की त्यावर वाद घालावा असं मलाही सुचलं नाही, आणि मी वाद घालणारा माणूस होतो.

तिच्या जागी भाऊकीतली सोमी पाटावर बसू लागली. तिला शिकवता येईना, कारण हळद भिजल्याशिवाय धवला म्हणायचा नाही. तेव्हा जयवंताबाई प्रत्येक लग्नात सोमीच्या मागे बसायची, तोंडाला पदर लावून. सोमीचं एखादं नाव राहिलं, की ती तांदळाचं सूप धरून ठेवायची, सोडायची नाही. सोमी आठवून आठवून नाव घ्यायची, मग सूप सुटायचं.

सेहेचाळीसमध्ये हुकूम रद्द झाल्याचा एका ओळीचा कागद आला. आबाजींनी तो चावडीवर वाचून दाखवला. सरकारनं आपली बंदी उठवली. जयवंताबाईची तिच्याकडेच राहिली.

पुढच्या वर्षी पंधरा ऑगस्टला शाळेच्या ओट्यावर झेंडा लागला. तालुक्याहून समितीचे चिटणीस आले, खादीचा कडक इस्त्रीचा सदरा घालून. चावडीच्या भिंतीवरचा फरारीचा कागद पावसानं केव्हाच गळून पडला होता. आता तिथे पदूच्या नावाची पाटी बसली. नाव पुन्हा मोठ्या अक्षरांत, आणि या खेपेला बक्षीस नव्हतं. चिटणीसांनी भाषणात पदूचं नाव बरेच वेळा घेतलं. मग ते म्हणाले, ज्या माउलीनं हे नाव घेण्यासाठी तुरुंग सोसला ती आता ते गाणं म्हणेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

जयवंताबाई बायकांच्या घोळक्यातून उठून पुढे आली. तिनं ओट्यावर नजर फिरवली. झेंडा, चिटणीस, खुर्च्या, मी.

''लगीन कोणाचं हाय?''

चिटणीस हसले. ''देशाचंच समजा, आजी.''

''मंग हळद कुटं भिजवलीया?''

चिटणीसांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुभाष्याचं काम सोडलं होतं. ती परत जाऊन आपल्या जागी बसली, आणि कार्यक्रमपत्रिकेतला पुढचा विषय, म्हणजे आभार, घेण्यात आला.

ती गेली एकोणपन्नासच्या थंडीत, तापानं, दोन दिवसांत. तिच्या मागे घर नव्हतं, की ज्याच्या मांडवात तिला कुणी बोलावील. धवले घराच्या पितरांना बोलावतात. ज्याचं घर बुजलं तो वेशीवरच, कायमचा. आयुष्यभर तिनं गावाच्या मेलेल्यांना आत आणलं आणि तिची स्वतःची सोय कुठल्याच नियमात नव्हती.

त्या वैशाखात भिवाजीच्या धाकट्या मुलाचं लग्न झालं. मांडव तोच, उंबर तोच. हळद भिजली. सोमी पाटावर बसायच्या आधी विमलबाईनं तिच्या कानात काहीतरी सांगितलं. सोमी घाबरून अंगणात आबाजींकडे गेली, कारण घरातले वडीलधारे अजून तेच होते.

''काका, काकी बोलतात जयवंताचं पन नाव घ्यायचं.''

''ती आपल्या घरातली नाय,'' आबाजी म्हणाले. ''तसा नेम नाय.''

विमलबाई मांडवाच्या दारात आली. ''भावोजी, तिनं माज्या पोराला आत घेतला,'' ती म्हणाली. ''मी तिला भायेर ठेवू?''

 सोमी आत गेली. देव झाले, पितर सुरू झाले. भिवाजीचा बाप, आई, ती लहान मुलगी. ''ये रं पदू, ये मांडवा.'' आलं गं, आलं. मग सोमीनं चिमूट भरली आणि क्षणभर थांबून म्हणाली, ''ये गं जयवंते, ये मांडवा.''

नेम मोडला होता, भर मांडवात, सगळ्यांच्या समोर. आबाजी पाटील काठी मांडीवर आडवी ठेवून अंगणात बसले होते. त्यांनी ते ऐकलं. कुणाला काही कळवलं नाही.